आतल्या पाटीची जागा

बोटींना नंबराच्या पाट्या ठोकणारे मामा प्रत्येक नंबर दोनदा ठोकतात. एक पाटी बाहेर, साऱ्या जगासाठी. दुसरी आत, चोराच्या बापालाही सापडणार नाही अशा जागी. ती जागा ते बोटीच्या मालकालाही सांगत नाहीत.

परवा एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या हौसेच्या बोटीची बाहेरची पाटी गळून पडली. आतला नंबर दाखवल्याशिवाय बोटींच्या नोंदणीचं ऑफिस नवी पाटी देईना. बाई मामांना बोटीवर घेऊन आल्या. मामांनी फळ्या उचकटल्या, टाकीमागे हात घातला आणि तासाभराने घाम पुसत बाकावर बसले.

"चोराला सापडणार नाही, एवढं नक्की."

"आणि मला?" बाई कडाडल्या. "मी काय चोर आहे?"

तेवढ्यात मामी डबा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"उठा बघू," त्या मामांना म्हणाल्या. घरात चष्मा, किल्ल्या, सगळं मामांच्या बुडाखालीच सापडतं.

पाटी बाकाच्या फळीखाली होती.

बाहेर नवी पाटी बसली. आतली जागा मात्र आता दोन बायकांना कळली होती, म्हणून मामांनी ती पाटी उपटून दुसरीकडे ठोकली.

घरी जाताना मामींनी विचारलं, "नवी जागा तुमच्या तरी लक्षात आहे ना?"

"आज आहे," मामा म्हणाले.