भांड्यांवरचं नाव

बाळांनो, आणि विशेषतः तू, जिला पुढच्या महिन्यात बाळ होणार आहे,

तुझा निरोप मिळाला. "आजी, मुलगी झाली तर तुझंच नाव ठेवणार. नेटवर अर्थही पाहिला, पहाटेचा उजेड." अर्थ बरोबर आहे. पण ते नाव माझं नाही. आधी हे वाच, मग ठरव.

लग्नात नवऱ्या मुलाने ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायचं, ही आपली रीत. तुमचे आजोबा बिजवर. त्यांची पहिली बायको चौक गावाजवळची. ती लग्नानंतर दीड वर्षात तापाने गेली. माझ्या वेळी त्यांनी तांदळात एक अक्षर लिहिलं आणि हात थांबवला. सासूबाई मागून म्हणाल्या, "लिव रं पुढं. भांड्यांवर आधीचंच नाव हाय. परत कोण ठोकीत बसल?" बायका हसल्या. मीही हसले.

भांडी तिच्या माहेरची. हंडा, परात, ताटं, तेलाची बुधलीसुद्धा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव घासताना बोटाखाली यायचं. कोणी हाक मारली की मी क्षणभर थांबायचे. वाटायचं, आतल्या खोलीतून आधी ती उठेल.

सासूबाई शेवटच्या आजारात दुपारभर ते नाव घेऊन हाका मारायच्या. एकदा मी पाणी घेऊन गेले. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "तू नाय गं. तिला बोलव."

मी दाराबाहेर येऊन उभी राहिले. मग डोक्यावर पदर घेतला आणि पुन्हा आत गेले.

"आलीस गं?" म्हणाल्या आणि पेलाभर पाणी प्यायल्या.

त्यानंतर त्या होत्या तोवर मी रोज दोनदा आत जायचे, एकदा मी म्हणून आणि एकदा पदर घेऊन ती म्हणून.

तू मागे सांगितलं होतंस, तिकडे परदेशात तुमच्या शेजारी आजोबा, बाप आणि मुलगा तिघांचं नाव एकच, आणि त्याचा त्यांना अभिमान आहे. इथे डोंगरावरच्या वाडीतून भांडी घासायला येणाऱ्या बाईचं नाव तिच्या जन्मवारावरून ठेवलेलं. ती म्हणते, "माझं सोपं हाय. इसरलात तर कॅलेंडर बघा."

तुझा निरोप आला त्या दिवशी मी तिच्या भांड्यांतल्याच एका ताटात तांदूळ पसरले आणि बोटाने माझं माहेरचं नाव लिहिलं. मोठ्याने उच्चारलं. पुन्हा एकदा उच्चारलं. ओ द्यावी असं आतून काही हललं नाही.

मोरीतून त्या बाईने विचारलं, "कोनाला हाक मारताय, आजी?"

"कोणाला नाही गं," म्हटलं आणि तांदूळ डब्यात ओतले.

म्हणून सांगते, मग तुझं माहेरचं नाव ठेवते म्हणशील, तर तेही ठेवू नकोस. ते आता मलाही परकं आहे. पहाटेच्या उजेडाचं ठेवायचं तर जरूर ठेव, पण आजीचं म्हणून नको. ते जिचं होतं तिचा फोटो नाही, मूलबाळ नाही. फक्त ही भांडी आहेत. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगाल, तेव्हा ते आधी कोणाचं होतं तेही सांगा. मला ते तांदळात लिहून दिलं तेव्हा ती कोण, कशी होती हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तुमची आजी