शकुंतलाबाईंनी मराठीत सांगितलेला फ्रेंच सिनेमा

शकुंतलाबाई देशमुख यांची माझी ओळख भाषेवरून झाली. सेलूच्या शाळेत मी मराठीचा शिक्षक म्हणून नवाच रुजू झालो होतो. आठवड्याभरातच इंग्रजी शिकवणाऱ्या बाई वही घेऊन माझ्यापुढे बसल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, 'उगाच नाक खुपसू नये' हे तुमच्या गावाकडे कसं म्हणतात?" स्टाफरूममध्ये तोवर मला कुणी काही विचारलं नव्हतं. सोनपेठकडच्या एका खेड्यातून, बौद्ध वस्तीतून आलेल्या माणसाची भाषा कुणाला हवी असेल, हे मला नवीनच होतं.

बाई तेव्हा एक चित्रपट मंडळ चालवत. परदेशी सिनेमाचे पत्र्याचे डबे रेल्वे पार्सलने येत. रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहाच्या खिडक्यांना गोणपाट लावून खेळ होई. खाली इंग्रजी अक्षरं येत, ती वाचणारे गावात चारच. म्हणून बाई पडद्याशेजारी उभ्या राहून प्रत्येक वाक्य मराठीत सांगत. पहिल्या रांगेतल्या राखीव खुर्च्या त्यांनी स्वतः उचलून बाहेर ठेवल्या होत्या. जिनिंगमध्ये सरकी निवडणाऱ्या बाया आणि संस्थेचे पदाधिकारी एकाच सतरंजीवर बसत. पदाधिकाऱ्यांना ते खुपे, पण बाईंना कोण बोलणार?

विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, त्याला तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. आमचं घर त्यात जळलं. माझा बाप शेजारच्या मळ्यातल्या घराकडे धावला. वीस वर्षं त्याच माणसाच्या शेतात तो राबला होता. दारामागून आवाज आला, "आमी कुनाच्या अध्यात न्हाई न् मध्यात न्हाई." मग कडी लागली. हे मी बाईंना एकदा बोलता बोलता सांगितलं होतं.

त्या उन्हाळ्यात युद्धानंतरच्या काळातला एक फ्रेंच सिनेमा आला. परदेशात मोठं पारितोषिक मिळालेला. गोष्ट साधी होती. सैनिक गावात येतात आणि एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याच्या कुटुंबाला घेऊन जातात. समोरचा पाववाला हे सगळं पाहतो आणि बायकोला एकच वाक्य बोलतो. त्याचा अर्थ, हे आपलं काम नव्हे, खिडकी लाव. संवादांची वही आम्ही दोघांनी केली. अक्षर माझं होतं.

खेळाच्या दिवशी पाववाला बोलला आणि बाईंनी पडद्याशेजारून मोठ्यानं सांगितलं, "आमी कुनाच्या अध्यात न्हाई न् मध्यात न्हाई. खिडकी लाव."

संस्थेचे सचिव भाऊसाहेब, म्हणजे बाईंचे सख्खे दीर, उठून उभे राहिले. "वहिनी, पिच्चर सांगायलाव का आमची इज्जत काढायलाव?"

"गाव फ्रान्समधलं आहे, भाऊजी," बाई म्हणाल्या. "बसा खाली."

ते बसले नाहीत. मशीन बंद करवलं. सिनेमाचा शेवट त्या दिवशी कुणीच पाहिला नाही.

चार दिवसांनी चौकशी झाली. आरोप असा, की बाईंनी मूळ सिनेमात नसलेली वाक्यं पदरची घालून समाजात तेढ वाढवली. मलाही बोलावलं. टेबलावर ती वही होती.

"हे अक्षर कुनाचं?" भाऊसाहेबांनी विचारलं. "हे वाक्य बाईंनी घातलं का सिनेमातलंच हाय?"

अर्थ तोच होता. ते सांगायला दोन शब्द पुरले असते. मी कायम व्हायचा होतो. मी म्हणालो, "आठवत नाही, साहेब."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "गुरुजींनी फक्त उतरवून घेतलं. शब्द माझे," त्या म्हणाल्या. माफी लिहून देणार नाही, हेही सांगितलं.

मंडळ बंद पडलं. मुख्याध्यापकपदाची पाळी बाईंची होती. त्यांना डावलून त्यांच्याहून कितीतरी नवखे गृहस्थ त्या खुर्चीत बसले आणि बाईंनी निवृत्तीपर्यंत त्यांच्या हाताखाली काम केलं. मला कायम केल्याचं पत्र दोन महिन्यांनी मिळालं. मी ते घेतलं.

त्यानंतर एकदा बाई एसटीने आमच्या खेड्यात आल्या. न विचारता वाक्य वापरलं म्हणून माझ्या बापाची माफी मागायला. संस्थेकडे न मागितलेली माफी त्यांनी एका मजुराकडे मागितली. बाप म्हणाला, "बाई, मह्यावर काय बेतलं ते तुमी चारचौघांत सांगितलं. मह्या पोराला न्हाई जमलं." बाईंनी त्याला गप्प केलं आणि माझी बाजू घेऊन बोलत राहिल्या. मला बाईंचाही राग येतो, तो त्या दिवसापासून. एवढी क्षमा करू नये कुणी.

आज त्यांच्या साठीनिमित्त हा गौरवग्रंथ निघतो आहे. समितीचे अध्यक्ष भाऊसाहेबच आहेत. "लेख गोड लिवा. जुनं उकरू नका," असा त्यांचा निरोप आला. विद्यापीठाची पाटी अजून बदललेली नाही, आमच्या जळलेल्या घराच्या भिंती अजून उभ्या राहिल्या नाहीत, आणि हे सगळं जुनं झालं? ज्यांनी खेळ बंद पाडला ते हार घेऊन व्यासपीठावर बसणार, आणि मी गोड लिहायचं?

मी बाईंकडे गेलो. लिहू का, असं विचारलं.

"सगळं लिहा," बाई म्हणाल्या. "पण त्यात तुम्ही काय बोललात, ते गाळू नका."

गाळलेलं नाही. यातली एक ओळ जरी कापली तर लेख परत द्यावा, असं संपादकांना कळवलं आहे.

बाईंना उत्तम आरोग्य लाभो, त्यांचा आवाज असाच खणखणीत राहो आणि त्या शंभरी गाठोत. ज्यांच्याकडे पाहून मान खाली घालावी असं माणूस आम्हाला अजून चाळीस वर्षं तरी लागणार आहे.