दिव्याचे कान आणि हरीकाकांचं गाऱ्हाणं

आमच्या वाडीत नवी गाडी घ्या, विहीर खणा नाहीतर पोराला परीक्षेला पाठवा, गाऱ्हाणं घालायला हरीकाकाच लागतात. हरिश्चंद्र हे त्यांचं पूर्ण नाव फक्त रेशनकार्डावर. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. आवाज असा, की त्यांनी आचऱ्याच्या तिठ्यावर ‘मालवण, मालवण’ केलं की मालवणातली माणसं पिशव्या उचलत असतील, असं आम्ही त्यांना चिडवायचो. नारळ पुढ्यात ठेवून ते ‘बा देवा म्हाराजा’ म्हणत, देवाला रीतसर अडचण सांगत, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. मी किशोरी, अंगणवाडी सेविका, कागदावर विश्वास ठेवणारी बाई, पण त्या सुरात माझाही आवाज असायचाच.

त्यांच्या नातीची गोष्ट सांगताना मला माझाच राग येतो, ते आधी सांगून टाकते.

दिव्या सहा महिन्यांची असताना तिचा कान पहिल्यांदा दुखला. आधी सर्दी, मग ताप, मग कान ओढून ओढून रडणं. बाप बोटीवर नोकरीला. आई प्राजक्ताने दवाखान्यातून औषध आणलं. शेजारणींनी खोबरेल तेलात लसूण कढवून कोमट थेंब कानात सोडले. पोर थांबेना. दुसऱ्या दिवशी हरीकाकांनी तिला मांडीवर घेतलं.

“बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या कानात जी काय पिडा आसात ती भायर काढ!”

“व्हय म्हाराजा!”

तासाभरात कानातून पिवळं पाणी आलं आणि पोर गाढ झोपली. पीडा बाहेर पडली, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली. उरलेलं औषध फळीवर तसंच राहिलं.

दोन महिन्यांनी पुन्हा तेच. पुन्हा तेल, पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा पाणी, आणि मग ती शांतता. हे किती वेळा झालं ते कोणी मोजलं नाही, पण दर खेपेला पोर आधीपेक्षा गप्प होत गेली. दोन वर्षांची होईपर्यंत दिव्या इतकी शहाणी झाली की वाडीतल्या बायका आपल्या पोरांना तिचं उदाहरण द्यायला लागल्या. मीही दिलं.

अंगणवाडीत ती दाराकडे तोंड करून बसायची. मान एका बाजूला कललेली, कोणीतरी तिच्या कानाशी बोलत असावं तशी. मागून खिचडीला हाक मारली तर वळायची नाही. पण माझी नुसती सावली तिच्या पुढ्यात पडली की झटकन वळून बघायची. तेही माझ्या डोळ्यांत नाही, तोंडाकडे. मी बोलायची थांबले तरी ती माझ्या ओठांकडे बघत राहायची, पुढचं काहीतरी येणार आहे अशी.

“तिका देवचार बोलवता,” आमच्या मदतनीस बाई म्हणाल्या. गावाची राखण करणारा, कुणाला न दिसणारा, तो देवचार. “तेचा आयकता, मगे आमचा खंय आयकतला?”

मी त्यांना चांगलंच झापलं. पण पोरं घरी गेल्यावर कुलूप लावताना मी त्या दाराकडे बघायचं टाळू लागले, हेही खरं.

गेल्या माघात मी स्कूटर घेतली. सकाळी अंगणात हळदकुंकू लावलं, हरीकाका नारळ ठेवून उभे राहिले. समोर आम्ही दहा-बारा जण, प्राजक्ताच्या कडेवर दिव्या. दोन वाक्यं झाली आणि काकांचा घसा बसला. ओठ हलले, आवाज फुटलाच नाही. आम्ही अर्थातच गप्प राहिलो.

दिव्याचं तोंड उघडलं. ‘व्हय म्हाराजा’ म्हणताना ओठांचं जे जे होतं ते ते झालं आणि तोंड मिटलं. आवाज नव्हता.

काकांनी ते पाहिलं. ते खाकरले, घसा मोकळा झाला, तरी पुढचं वाक्य त्यांनी मुद्दाम नुसत्या ओठांनी म्हटलं. ते चिमुकलं तोंड पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. त्या बिनआवाजी गाऱ्हाण्याला सगळ्या अंगणात ती एकटीच साथ देत होती.

काकांनी आमच्याकडे पाठ फिरवली.

“दिव्या,” ते नेहमीच्या आवाजात म्हणाले. मग जरा मोठ्याने, “दिव्या गो! किशोरी, चेडवान काय केल्यान?”

दिव्या त्यांच्या पाठीकडे बघत होती. पुढचं काहीतरी येणार आहे अशी.

“काय नाय केल्यान, काकानू,” मी म्हटलं. हाकेने पोर जराही हलली नव्हती.

नारळ तसाच ठेवून ते घरी निघून गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही सावंतवाडीला कानाच्या डॉक्टरांकडे होतो. त्यांनी तपासलं. दोन्ही पडद्यांमागे चिकट पाणी साचलेलं. जवळून ओरडलं तरच थोडं पोचत असेल, म्हणाले, तेही पाण्याखालून आल्यासारखं.

“पण देवाच्या कृपेने दर वेळी पाणी बाहेर येऊन तिला आराम पडायचा,” काका डॉक्टरांसमोर बोलायच्या त्यांच्या शुद्ध भाषेत म्हणाले.

“पडदा फाटला की आतला दाब सुटतो, दुखणं थांबतं. तो आराम नव्हे. त्यात तुम्ही तेल सोडत होता.”

परतीच्या वाटेवर कणकवली रस्त्याला लागल्यावर काका हळूच म्हणाले, “पडदो फाटलो म्हणान मी देवाक नारळ देय होतंय गो.” त्यानंतर ते गाऱ्हाणं घालेनात. लोक बोलवायला आले की घसा दुखतो म्हणून सांगायचे.

डॉक्टरांनी पाणी काढून पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. ऐकू येईल, बोलायला वेळ लागेल, म्हणाले. घरी आल्यावर जो तो तिला हाका मारून बघत होता. काकांनी मात्र मारली नाही. त्यांना भीती वाटत होती. ती वळली नाही तर काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या प्रहरी दिव्या एकाएकी धावत येऊन त्यांच्या मांडीला बिलगली. अंग थरथरत होतं. तिने पश्चिमेकडे, सुरूच्या झाडांकडे बोट दाखवलं. आम्ही सगळे बघायला लागलो. तिथे कोणी नव्हतं. ती पुन्हा पुन्हा बोट दाखवत होती आणि प्राजक्ताचा चेहरा पांढरा पडला होता. मलाही मदतनीस बाईंचा देवचार आठवला, खोटं कशाला सांगू!

काकांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतः कान दिला. बराच वेळ त्यांना काहीच कळेना. मग त्यांचे डोळे भरून आले. घरापासून दोनशे पावलांवर समुद्र. आम्हाला सवयीने त्याचा आवाज येईनासा होऊन वर्षं झाली, आणि तिला तो कळत्या वयात कधी आलाच नव्हता.

त्यांनी तिला जवळ ओढलं. तिचं तोंड त्यांच्या सदऱ्यात दडलेलं, त्यांचे ओठ तिला दिसत नव्हते.

“दर्या गो बाय तो,” ते अगदी हळू म्हणाले. “आपलोच आसा. भियाचा नाय.”

सदऱ्यातून बोबडा, खरखरीत आवाज आला, आम्ही कोणीच कधी न ऐकलेला.

“व्हय म्हायाजा.”