माह्या लेथवर गोमूत्र

दसऱ्याच्या सकाळी मालकानं माह्या लेथवर गोमूत्र शिंपडलं. माह्यादेखत. आंब्याच्या पानानं. मी वर्षभर जिथं हात टेकवते, तिथं दोनदा. मंग म्हणाला, "तू जरा दाराबाहेर थांब. पूजा आहे."

अकोल्यातल्या त्या कारखान्यात लाकडाचे वाडगे होतात. लाकूड गरगर फिरवून कोरायची मशीन म्हंजे लेथ, ते चालवणारी मी एकटी. आमी बौद्ध, हे तिथं सगळ्यायले ठाऊक. मले काम शिकवलं रहीमचाचानं. ते लाकूड कातणारे जुने खरादी, आता थकून हिवरखेडले लेकाकडं राहतात. मी लेथपाशी उभी राहिली तेव्हा त्यायनं जात इचारली नाई.

माहे वाडगे मालकाच्या जेवणाच्या टेबलावर आहेत. त्यात दही वाढतात, कोशिंबीर खातात. ते बाटत नाई बरं का. मशीन तेवढी बाटते. थू!

दसऱ्याचा पहिला वाडगा मालक स्वतः सुरू करते, अशी तिथली रीत. आदल्या दिवशी मी सागाचा गोल ठोकळा कापला, परकारानं मध्य काढला, त्यावर खिळ्यानं टोचा मारला. त्या टोच्यावर लोखंडी चकती बसवायची, स्क्रू आवळायचे, अन् ठोकळा लेथवर चढवायचा. मोटर लगेच लावायची नाई. आधी ठोकळा हातानं फिरवायचा अन् काठाजवळ पेन्सिल धरायची. एकाच बाजूले घासली तर ठोकळा सरकला समजायचं, पुन्हा बसवायचा.

मालकीणबाईनं त्या ठोकळ्याले हळदकुंकू वाहिलं. भरभरून. टोचा पार बुजला. मालकानं कुंकवाच्या टिळ्यालेच मध्य धरलं, चकती आवळली अन् हातानं फिरवून न पाहताच मोटर लावली. अमरावतीचे शोरूमवाले पाहुणे मोबाईल काढून उभे होते.

मशीन धडधडायले लागली. तिच्यावर ठेवलेला पूजेचा नारळ गडगडत खाली गेला. पाहुणे मागं सरकले. मालकानं घाबरून बटण बंद केलं अन् दाराकडं पाह्यलं.

"ये लवकर, हे नीट बसवून दे. हात धुऊन ये. अन् झालं की बाहेर जा."

गोमूत्राचा वास दारापर्यंत येत होता. पण मले किळस आली ती त्याची नाई. त्या माणसाची आली.

मी म्हटलं, "ज्या हातानं तुमची मशीन बाटते, तो हात मी लावणार नाई."

सोबत डबा खाणारे कामगार जमिनीकडं पाहत राहिले. त्यायचीही किळस आली मले. मी चपला घातल्या अन् निघाली.

परवा मालकानं ड्रायव्हर धाडला. झालं गेलं विसर म्हणे, कामाले ये, माल अडकून राहिला. मायनं मले आत बोलावलं. म्हणाली, जा पोरी, पोट आहे. पोट आहे, मले का माहीत नाई? याच हातावर आमचं घर चालते.

मी बाहेर येऊन ड्रायव्हरले सांगतलं, "मालकाले म्हणा, पाहुणे पुन्हा बोलवा. त्यायच्यासमोर साध्या पाण्यानं, स्वतःच्या हातानं लेथ पुसा. काहून पुसून राहिलो, तेही तोंडानं सांगा. मंग मी येते."

ड्रायव्हर म्हणाला, असं कुठं होते का?

नाई होत, तर लेथ बंद राहीन. मी दुसरीकडं विटा वाहीन. पण त्या दाराबाहेर मी पुन्हा उभी राहणार नाई.