नांदेड-लातूर थेट गाडी

नांदेडहून लातूरला थेट जाणारी रेल्वे आजवर एकाच माणसानं चालवली आहे, आणि तो माणूस माझा सासरा आहे. बाकीचं जग परभणी-परळीचा वळसा घेतं, नाहीतर एसटीत बसून हाडं खिळखिळी करून घेतं. मामांची गाडी (सासऱ्यांना मी मामा म्हणतो) माडीवरच्या खोलीतून, प्लायवूडवरच्या रुळांवरून मिनिटाला मिनिट धरून सुटते. डबे टूथपेस्टच्या खोक्यांचे, गोदावरीचा पूल सायकलच्या तारांचा, इंजिन मात्र विकतचं, विजेवर चालणारं. मुदखेडच्या बाजूला उभी हयात स्टेशनमास्तरकी केलेला माणूस निवृत्तीनंतर देवळात जाऊन बसेल, अशी सासूबाईंना आशा होती. ते माडीवर जाऊन बसले.

या रेल्वेचं दुसरं टोक खरोखरच लातूरला आहे. तिथं मामांचे जुने जोडीदार राहतात, शेजारच्या स्टेशनाचे मास्तर. दोघांनी वर्षानुवर्षं एकमेकांकडे खऱ्या गाड्या धाडल्या. माझी बायको त्यांना चाचा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. चाचांकडे तसंच टेबल आणि तसंच इंजिन. मामा फोन करून लाइन क्लिअर मागणार, म्हणजे पुढचा रस्ता मोकळा आहे ना हे विचारणार. चाचांनी होकार दिला की मामा आपली गाडी पत्र्याच्या डब्याच्या बोगद्यात घालणार, वर फडकं टाकणार आणि 'सुटली' म्हणून कळवणार. साडेतीन तासांनी चाचा त्यांच्या बोगद्यातून त्यांचं इंजिन बाहेर काढणार आणि 'पोचली' म्हणून कळवणार. लग्नानंतर नवा नवा होतो तेव्हा मी एकदा ते फडकं उचलून म्हणालो, "गाडी तर इथंच आहे की!" मामांनी फडकं परत नीट टाकलं. "ते इंजिन हाय, जावईबापू. गाडी आत्ता लोहा गावाच्या पुढं गेली." दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

ते साडेतीन तास मामा रॉक संगीत ऐकत. अंगात बंडी, कपाळाला गंध, आणि स्पीकरमधून गिटारी किंचाळतायत. शब्द एक कळत नसे. मी कारण विचारलं तर म्हणाले, "पूर्वी रुळाला जोड असायचे, गाडीला ठेका असायचा. आता सगळं वेल्डिंग. ठेका राहिला कुठं? ह्या पोरांच्या ढोलात सापडतो बगा." ते ऐकल्यापासून मलाही त्या गोंगाटात रूळ ऐकू येऊ लागलेत.

राजकारणात दोघांचा पक्ष एकच होता: जो थेट लाइन आणील तो. मामा प्रत्येक सभेला जात, पुढाऱ्यानं लाइनचं नाव काढलं की घड्याळ बघत आणि तो त्यावर किती वेळ बोलला ते चाचांना कळवत. पण मागच्या निवडणुकीत चाचा एका उमेदवाराच्या प्रचारात पायी फिरले. हा खरंच लाइन आणणार, असं त्यांना मनापासून वाटत होतं. हे कळलं त्या दिवशी मामांनी 'गाडी सुटली' म्हणून फोन केला आणि गाडी सुटल्यावर दोघांची जुंपली. "गळ्यात पक्षाचा रुमाल पडला की अक्कल गहाण टाकलीस व्हय रे?" मामा ओरडले. तिकडून फोन ठेवला गेला. साडेतीन तास झाले, रात्र झाली, 'पोचली' म्हणून फोन आला नाही.

सात महिने आला नाही. स्पीकर बंद, फडकं तसंच. "मामा, तुम्हीच करा ना फोन," असं मी कितीदा म्हटलं. एकच उत्तर: "गाडी सेक्शनात हाय, दोन स्टेशनांच्या मधी. पोचल्याची खबर त्यानं द्यायची. तवर आपल्याला काही मागता येत न्हाई. नियम हाय." नियमाचं कवच अंगात घालून माणूस आतून वाळत चालला होता. जेवण निम्म्यावर आलं. मला त्यांचा राग यायचा आणि वाईटही वाटायचं.

शेवटी एका लग्नासाठी लातूरला गेलो तेव्हा परस्पर चाचांच्या घरी गेलो. चाचा पलंगावर. भांडणानंतर आठवड्याभरातच लकवा झालेला, उजवा हात आणि वाचा गेलेली. "नांदेडला सांगू का म्हटलं की डाव्या हातानं नको नको करायलेत, बेटा," चाची म्हणाल्या. "गाडी तर त्याच दिवशी वेळेवर आणली होती. खबर मात्र देईनात. गुस्सा होता. मग जबानच गेली." टेबलावर इंजिन लातूरच्या फलाटाशी उभं होतं.

मी मामांना फोन लावून सगळं सांगितलं. ते जिना चढून माडीवर गेल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, "फोन त्याच्यापाशी धरा." मी धरला. चाचांनी डाव्या हातानं उशाजवळचा चमचा उचलला आणि स्टीलच्या पेल्यावर चार ठोके दिले. मला काही कळेना. ती स्टेशनांमधली जुनी घंटीची खूण होती; मामांनी तिकडे ठोके मोठ्यानं मोजले. "चार. गाडी पोचली. सेक्शन मोकळं," ते म्हणाले. चाचांच्या डोळ्यांतलं पाणी चाचींनी पदरानं पुसलं. माझं मी पुसलं.

आता रोज ठोक्यांवर गाड्या चालतात. गाडी वाटेत असली की मामा फोनवर राजकारण बोलतात. पहिले काही दिवस ते प्रत्येक वाद जिंकले आणि फोन ठेवल्यावर उदास होऊन बसले. हल्ली ते चाचांची बाजूही स्वतःच मांडतात. त्या उमेदवाराची इतकी तरफदारी करतात की सासूबाई वर येऊन बघून जातात. मग म्हणतात, "बरं बाबा, तुझंच खरं," आणि पलीकडून पेला वाजायची वाट बघत बसतात.