उठताना की बसताना

माझ्या धाकट्या जावेला अकोल्याला हाडांच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं, तेव्हा माझं जेवणावरचं मन उडालं. जावेच्या काळजीनं असेल, असं घरच्यांना वाटलं. मी तसं वाटू दिलं. खरं म्हणजे मला तिचा हेवा वाटत होता.

आमचं घर वलगावच्या माळ्यांचं. वांगी, मेथी, झेंडू. माल अमरावतीच्या बाजारात जायचा. जाऊ विहिरीजवळ, मोटेचे बैल चालतात त्या उतरत्या धावेवर घसरून पडली होती. गावच्या हाडवैद्यानं लेप लावला, बांबूच्या कामट्या बांधल्या, सोडल्या, तरी ती लंगडतच राहिली. मग दिराला कळलं की लढाईवर सोजिरांची हाडं जोडून आलेल्या एका डॉक्टरनं अकोल्यात दवाखाना उघडलाय. अमरावतीच्या एका ओळखीच्या कंपाउंडरनं त्याला बजावलं, "तो डॉक्टर इचारते लय. उठताना दुखते का बसताना, टोचते का ठणकते. बाई लाजली तं खेप वाया जाते. घरूनच पाठ करून न्या."

आमच्याकडे वडीलधाऱ्यांसमोर नवरा-बायकोनं एकमेकांशी बोलायची रीत नव्हती. त्यामुळे हा पाठ माझ्यामार्फत सुरू झाला. संध्याकाळी दीर ओसरीवर बसे, जाऊ आत चुलीपाशी, आणि मी मधे उंबऱ्यात.

"वयनी, इचारा बरं, दुखते कुठी?"

मी आत वळून विचारी, "काय वं, कुठी दुखते?"

ती पदर ओढून पुटपुटे, "गुडघा."

"गुडघा म्हणते."

"उठताना का बसताना?"

सासू शेंगा सोलता सोलता म्हणे, "पोरगी पाहाले गेला तवा बी इतकं नवतं इचारलं यानं." सगळे हसत. मीही हसे. पण तो प्रश्न माझ्या तोंडून जाताना मलाच टोचे. माझा उजवा गुडघा मागच्या पावसाळ्यापासून दुखत होता. मेथीच्या वाफ्यात उकिडवं बसलं की उठताना मी जमिनीला हात टेकत असे. आमचे हे शेजारच्याच वाफ्यात असत. त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. वाईट नव्हते ते. असं काही विचारायचं असतं, हे त्यांच्या गावीच नव्हतं. आणि त्यांचाच धाकटा भाऊ बायकोची एकेक कळ विचारत होता, तीही माझ्या तोंडून.

जावेला धड सांगता येईना. "दुखते," एवढंच. एके संध्याकाळी तिची वाट न पाहता मीच बाहेर सांगितलं, "बसताना नाई, उठताना. आधी सुई टोचल्यावानी, मंग वाटीच्या आत जाळ." दीर इतकं मन लावून ऐकत होता की मला थांबवेना. मग रोज थोडं थोडं सांगत गेले. पायरी उतरताना काय होतं, थंडीत काय होतं. आतून जावेनं कधी नाही म्हटलं नाही. दिरानं सगळं पाठ केलं.

तिचं दुखणं गुडघ्यात नव्हतं, हे मला माहीत होतं. तिला न्हाऊ मीच घालत होते. पाणी ओतताना ती खुब्याला धरून दात आवळी. पण सासऱ्यांच्या कानावर जाईल असं मांडीच्या वरच्या जागेचं नाव कोणती सून घेईल? म्हणून ती गुडघा म्हणे, आणि मी म्हणू देई. कोणीतरी माझ्या गुडघ्याबद्दल विचारत होतं. ते मला बंद होऊ द्यायचं नव्हतं.

निघायच्या दिवशी पहाटेच बैलांची दमणी जुंपायला घेतली. बडनेऱ्याला आगगाडी बदलायची होती, त्याची घाई. मी जावेला लुगडं नेसवत होते. डॉक्टरला गुडघा दाखवता यावा म्हणून काष्टा ढिला ठेवत होते. ती हळूच म्हणाली, "बाई, डॉक्टरनं गुडघाच पाह्यला तं मी बरी होईन का?"

मी निऱ्या खोचत राहिले.

"तुमी सांगता ते माह्यं दुखणं नाई. तुमचं हाय. मले मालूम हाय. मी गप राह्यली, काहून का तुमाले कोणी इचारतच नाई."

तिची दया मला झोंबली. भरल्या ताटावरच्या बाईनं उरलेला घास पुढे सारावा, तसं वाटलं. क्षणभर मनात आलंच, जाऊ दे हिला तशीच. पाहू दे डॉक्टरला गुडघा.

मग मी बाहेर गेले. "भाऊजी, गुडघा नोका सांगू. दुखणं खुब्यात हाय."

सासरे खाकरून गोठ्याकडे वळले. सासूचं तोंड उघडंच राहिलं. दीर गोंधळला. "आन् ते सुईवानी, जाळावानी?"

"ते माह्यं."

आमचे हे बैलांच्या मानेखाली जोताचा पट्टा बांधत होते. त्यांचा हात थांबला. माझ्याकडे न पाहता भावाला म्हणाले, "इचार तुह्या वयनीले, सांगतलं काहून नाई."

दीर माझ्याकडे वळला. मी म्हटलं, "सांगा त्याईले, इचारलं नवतं."

 त्यांनी जोत पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं.

दमणी निघाली. वेशीपाशी, घरचे दिसेनासे झाल्यावर, दीर बायकोकडे झुकला. मी तोवर मळ्यात आले होते, वाफ्याच्या बांधावरून पाहत होते. तो काहीतरी विचारत होता आणि ती पदर मागे सारून स्वतःच्या तोंडानं उत्तर देत होती. ती बरी होऊन यावी, असं मला वाटत होतं. लवकर होऊ नये, असंही.