अकीकाची धूळ

"ही टीबी नाही," डॉक्टर म्हणाले आणि यांचा एक्स-रे पुन्हा उजेडात धरला. "काम काय करता?"

"ऊसतोड," हे म्हणाले.

"त्याच्याआधी?"

"गुजरातेत अकीक घासायचो. माळेच्या मण्यांचे दगड."

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, सिलिकोसिस. दगडाची बारीक धूळ श्वासातून फुप्फुसात जाऊन बसते. तिथे व्रण होतात आणि फुप्फुस कडक होत जातं. काम सोडलं तरी आजार वाढू शकतो. पूर्ण बरं करणारं औषध नाही.

तोवर टीबीच्या गोळ्यांचा कोर्स दोनदा झाला होता. आधीच्या दवाखान्यांत कामाचं कुणी विचारलं नव्हतं, आम्हीही सांगितलं नव्हतं.

आम्ही शिरूर कासारचे. दर साली कोयता घेऊन ऊसतोडीला जायचो. लग्नानंतर काही वर्षं मात्र अकीकाच्या कामाला गेलो, कारण ते सावलीतलं होतं. खोलीत मोटारीवर चाक फिरायचं. हे त्यावर दगड धरायचे, मी शेजारी बसून मणी निवडायची. संध्याकाळपर्यंत माझ्या भुवया पांढऱ्या व्हायच्या. "म्हातारी झालीस की गं!" म्हणून हे हसायचे.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्याच खोलीत? मग तुमचाही एक्स-रे काढा."

मला काहीच त्रास नव्हता. मी टाळत राहिले. पुढे यांच्यासाठी घरी ऑक्सिजनचं मशीन आलं, तेव्हा यांनी हट्ट धरला, "तुझा फोटू निघाल्याबिगर म्या ऑक्सिजन लावणार न्हाई."

एक्स-रेच्या खोलीबाहेर हे बाकड्यावर वाकून, गुडघ्यांवर हात टेकून बसले होते. घरून तिथवर येतानाच थकले होते. माझ्याही फुप्फुसांत बारीक ठिपके निघाले. "सुरुवात आहे," डॉक्टर म्हणाले. "धुळीत जाऊ नका. तपासणीला येत राहा."

स्वतःचं ऐकून हे रडले नव्हते. माझं ऐकून रडले. "मला वाटलं व्हतं," एकेक शब्द तोडत म्हणाले, "माझ्यापाशीच थांबंल ह्ये."

पुढे त्यांना आडवं होता येईना. उशांना टेकून बसून झोपायचे. लाइट गेली की ऑक्सिजनचं मशीन बंद पडायचं आणि ते माझा हात घट्ट धरायचे. पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन आले, तर ते तसेच बसलेले होते. हात लावला तेव्हा कळलं.

तुमच्या घरात कुणी दगडाच्या धुळीत काम केलं असेल आणि खोकला जात नसेल, तर डॉक्टरांना आधी कामाचं सांगा. फार जुनं असलं तरी सांगा.

परवा मी एकटीच तपासणीला गेले. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली. "मोठा श्वास घ्या."

मी घेतला. पुरता आत गेला, कुठेच अडला नाही. यांना अर्धासुद्धा मिळत नव्हता. मला त्या श्वासाची लाज वाटली. मग एक्स-रेच्या खोलीबाहेर हे बाकड्यावर कशापायी बसले होते ते आठवलं, आणि डॉक्टरांनी न सांगता मी आणखी एक घेतला.